बारा व्होल्टांचा खोळंबा

छोट्या रेल्वेच्या छांदिष्टाची गाडी अडली की तो आधी इंजिन उघडतो. मग कंट्रोलरवर संशय घेतो. मग दुकान गाठतो. रुळांकडे अगदी शेवटी बघतो, आणि दोष बहुधा तिथेच असतो. एचओ मापाची, म्हणजे खरीपेक्षा 87 पट लहान गाडी साधारण 12 व्होल्टांवर चालते. वीज रुळातून चाकात, चाकातून मोटरीत. वाटेत धूळ, तेल आणि काळपट थरानं ठिय्या दिला की चक्का जाम. उपाय काय, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फडकं. पण इतक्या स्वस्त उपायावर विश्वास कोण ठेवणार?

एकाच जागेपुढे गाडी मरत असेल, तर रुळांचा जोड सैल आहे. मल्टिमीटर ते लगेच सांगतो (तो कपाटात असतो). आणि हौसेनं रूळ गोल फिरवून त्याच मार्गाला उलटे आणून भिडवले, तर डावा रूळ उजव्याला भेटतो आणि शॉर्टसर्किट! दोन्ही रुळांत खंड पाडून तेवढ्या फेऱ्याची वायरिंग वेगळी करावी लागते. घरच्यांना मात्र ‘तांत्रिक बिघाड’ एवढंच सांगावं. मोठ्या रेल्वेनं ही सोय करून ठेवलेलीच आहे. शिवाय इथल्या फलाटावरचे प्रवासी प्लास्टिकचे असतात, स्टेशनमास्तरला घेराव घालत नाहीत.