विमानाला पोचा पडला हो!

"काका, दाढीवाल्याकडं काही बिनसलंय का? काल रात्री गॅरेजातून ब्रर्र ब्रर्र आलंच नाही. मला तर झोपच लागेना."

काकांनी कुंपणाच्या फळीवर कोपर टेकलं, मागं वळून काकू स्वयंपाकघरातच आहेत याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.

"पोचा पडला गं विमानाला."

"अगंबाई! अजून उडालंही नाही तोवर?"

"नाताळच्या सजावटीचं खोकं. वरच्या फळीवरून सुटलं ते पंखावर, आणि तिथून उसळून टेबलावरच्या, शेपटीच्या एलिव्हेटरवर. ती म्हणते फळी ह्यानं धड ठोकली नाही, हा म्हणतो खोकं हिनं कडेला ठेवलं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत. मधल्या मध्ये मी!"

ऑरेगनातल्या आमच्या हिल्सबरोच्या गल्लीत कोपऱ्यावरचा दाढीवाला गॅरेजात विमान बांधतोय, हे कुत्री फिरवणाऱ्यांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. आरव्ही-7, दोन माणसांचं. किट व्हॅन्सचं. कारखाना इथून गाडीनं तासाच्या आत, ऑरोराला. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन नावाच्या गृहस्थानं 1973 साली कंपनी काढली आणि आजवर तिची दहा हजारांहून जास्त विमानं लोकांनी घरोघरी बांधून उडवलीत. आणि काका? काकांनी ओझरच्या एचएएलमध्ये पत्राकामात हयात घालवली. मिगच्या अंगाखांद्यावर रिव्हेट मारले. लेकीकडं सहा महिन्यांसाठी आलेत. 'पाय मोकळे करून येतो' म्हणून निघतात आणि पाय त्या गॅरेजाच्या दारात थबकतात.

"मग आता? ठोकून सरळ करता येत नाही?"

"तेच करायला निघाला होता! लाकडी हातोडी उचललीन. मी मनगटच धरलं. म्हटलं, बाबा, हे गाडीचं मडगार्ड नव्हे. हा 2024-टी3 अॅल्युमिनियमचा पत्रा. ठोकलास की ताणतो, आणि ताणलेला पत्रा पुन्हा जागेवर बसत नाही. तेलाच्या डब्याचं बूड दाबल्यावर टक्‌ करून आत आणि टक्‌ करून बाहेर येतं ना, तसा कायमचा टकटकत बसतो. वर ठोकून ठोकून तो कडक होतो, मग एक दिवस तडकतो."

"इंग्रजीत सांगितलंत हे सगळं?"

"पत्र्याची भाषा हातानं कळते."

काका खुशीत आले की असली वाक्यं टाकतात. पुढचं मात्र मी कान टवकारून ऐकलं. पोचे दोन. पंखावरचा चांगला बशीएवढा, लांबून दिसेल असा. त्याच्यावरूनच नवरा-बायकोचं वाजलं. एलिव्हेटरवरचा जेमतेम अंगठ्याएवढा, तिकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं.

"मोठा काहीच नाही. दोन रिब्जच्या मधोमध पडलाय, उथळ आहे, कुठं घडी नाही, रिव्हेटच्या ओळीपासून लांब. आत हात घालून पाहिलं, रिब शाबूत. मी म्हटलं, राहू दे. टोचत असेल तर रंगाच्या वेळी हलकं फिलर भर. पण तो धाकटा!" काकांनी हवेत नख ओढलं. "त्याला धारदार घडी पडलीय. नख फिरवलं की अडकतं. आणि ती घडी थेट आतल्या पट्टीच्या रिव्हेटपर्यंत गेलीय. तिथला पत्रा अर्धा मिलीमीटरसुद्धा नाही. तडा तिथूनच निघणार."

"मग त्यातही फिलर भरायचं. रंग मारला की कुणाला कळतंय?"

"हेच! बायको हेच म्हणाली!" काका एवढ्या जोरात ओरडले की आतून काकूंनी "काय झालं हो?" विचारलं. "अगं, एलिव्हेटर बिजागरीवर हलतो. नाक वर, नाक खाली, सगळं त्याच्यावर. तो हलताना तोलात राहावा म्हणून बिजागरीच्या पुढच्या टोकाला शिशाचं वजन बसवलेलं असतं. तू मागच्या बाजूला फिलर थापलंस की शेपूट जड. तोल गेला. मग वेगात असताना तो आपोआप फडफडायला लागतो. फ्लटर. एकदा सुरू झालं की बघता बघता शेपटी तुकडे होऊन जाते. पंखावरचं फिलर पंख मुकाट्यानं वाहून नेतो, हा नाही नेत. हलत्या भागाला रंगाचा एक थर जास्त दिला तरी तोल पुन्हा तपासायचा."

मला एकदम आमच्या चिरंजीवांची आठवण झाली. मागच्या रविवारी तो त्याच गॅरेजात गेला होता.

"काका, आमच्या कार्ट्यानं त्या पत्र्यावर पेन्सिलीनं नाव लिहिलंय म्हणे. खरं का?"

"आणि फूलही काढलंय. मी पुसलं. अॅल्युमिनियमवर पेन्सिल चालत नाही बाई. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. ते आणि अॅल्युमिनियम एकत्र आले, वर ओल मिळाली, की पत्रा गंजायला लागतो. आणि तुमच्या ऑरेगनात ओलीला काय तोटा! ऑक्टोबरात लागलेला पाऊस उन्हाळ्यातच थांबतो. दाढीवाला मार्करनं खुणा करतो. तेवढं त्याला पक्कं ठाऊक आहे."

एवढ्यात पदराला हात पुसत काकू आल्या. त्यांना अर्धं ऐकू आलं होतं, आणि तेवढं त्यांना पुरतं.

"जोड मारा की. फाटल्या पातेल्याला कल्हईवाला लावायचा तसा."

"मारता येतो. खराब भाग गोल कापून काढायचा, आतून दुसरा पत्रा, वरून तेवढ्याच मापाचा तुकडा, भोवती रिव्हेट. विमानाच्या धडावर, फ्यूजलाजवर असता तर तेच केलं असतं. पण हा एलिव्हेटर सगळीकडून बंद, आत रिव्हेटमागं डॉली, म्हणजे आधाराचा ठोकळा, धरायला हात जात नाही. आणि पुन्हा वजन. त्यापेक्षा अख्खं कातडं बदल म्हटलं. नवा पत्रा ऑरोरातून घेऊन येतो तो. पत्रा स्वस्तच. जुने रिव्हेट सोडवायचं काम मात्र जिवावरचं."

आणि मग काकांनी कुंपणाच्या फळीतल्या एका खिळ्यावर बोट ठेवून प्रात्यक्षिकच दाखवलं. रिव्हेटच्या माथ्यावर मधोमध बारीक खळी असते. ड्रिलचं टोक त्या खळीत ठेवायचं आणि फक्त डोक्याच्या खोलीएवढंच जायचं, रेसभरही पुढं नाही. मग त्या भोकात पंच घालून हलकेच कलता करायचा. डोकं मोडून हातात येतं. उरलेलं अंग मागून आधार देऊन बाहेर ढकलायचं. घाई केली, ड्रिल तिरकं गेलं, की भोक लांबट. 3/32 इंचाच्या भोकात मग 1/8 चा रिव्हेट घालावा लागतो. त्यासाठी डोकं लहान आणि अंग जाड असा वेगळा रिव्हेट मिळतो. इकडचे लोक त्याला 'ऊप्स रिव्हेट' म्हणतात.

"म्हणजे चुकणार हे धरूनच केलाय?" काकू.

"ओझरला असा मागायला गेलो असतो तर इन्स्पेक्टरनं उभं केलं असतं. तिथं ओळी ओळीला तपासणी, शिक्का, सही. इथं सही हाच करणार! माझा जीव वरखाली होतो."

"मग सरकार उडू कसं देतं?"

"निम्म्याहून जास्त काम स्वतः केलंय हे दाखवावं लागतं. फोटो, वही, सगळं ठेवलंय त्यानं. पूर्ण झालं की तपासणारा येतो, 'एक्सपेरिमेंटल' म्हणून प्रमाणपत्र देतो. मग साधारण 25 ते 40 तास चाचणी, तेवढ्यात हौशीनं कुणाला फिरवायचं नाही. आणि ज्यानं बांधलं त्याला त्या एकाच विमानाची वर्षाची तपासणी करायचा परवाना मिळतो. मला आधी हसू आलं. मग वाटलं, स्वतःलाच बसायचंय त्यात. आमच्या शिक्क्याहून ही धास्ती कमी नाही."

मी म्हटलं, आपल्याकडंही केलं होतं की कुणीतरी, कांदिवलीला गच्चीवर.

"अमोल यादव. वैमानिक. सहा माणसांचं विमान, गच्चीवर बांधलेलं! 2016 ला बीकेसीत मेक इन इंडियाला ठेवलं होतं. नोंदणी मिळायला मात्र 2017 चा नोव्हेंबर उजाडला. त्याच्या त्या गच्चीवर नाताळचं खोकं तरी नव्हतं."

"बरं, मग गॅरेज आज उघडणार का? म्हणजे आवाजाचं आम्हाला आधी कळलं तर बरं."

"शनिवारी. बायको रुसलीय, डॉली धरायला कुणी नाही. तो रिव्हेट गन चालवणार, आतून मी धरणार."

"काय?" काकूंनी कमरेवर हात ठेवले. "लेकीनं बजावलंय ना, टुरिस्ट व्हिसावर आलाय, काम करायचं नाही म्हणून!"

"पैसे कुठं घेतोय? ब्लूबेरी पाय देणार आहेत."

"साखर किती आहे तुमची, सांगू का हिला?"

"पायला अजून चार दिवस आहेत," काका म्हणाले आणि फिरायला निघाले.

काकू बघत राहिल्या. कोपऱ्यावर ते डावीकडं वळले. बाग उजवीकडं आहे.

"सांग मला, तो गन मारतो तेव्हा कानात काही घालतात का हे?"

"नाही बहुतेक."

"तरीच! मी हाक मारलेली ऐकू येत नाही. मला वाटलं, मुद्दाम करतात."