तीन सेकंदांचा मानकरी

थकलेलं इंजिन फिरवणं सोपं, तरुण केलेलं अवघड. बाबांच्या फियाटने हे मला फार उशिरा शिकवलं. इंजिन म्हातारं होतं तोवर सेल्फ मारला की फारसे आढेवेढे न घेता फिरायचं. रिंगा झिजलेल्या, बेअरिंगं मोकळी, कॉम्प्रेशन नावापुरतं. विरोध करायचा तरी अंगात त्राण हवं ना! मग ते उतरवलं. ब्लॉक बोअर झाला, ओव्हरसाइज पिस्टन बसले, क्रँक ग्राइंड झाला, हेडचा एक पापुद्रा काढून ते सपाट केलं. नवे गुडघे बसवून आलेल्या आजोबांना एकाएकी प्रत्येक गोष्टीत ठाम मतं फुटावीत, तसं ते इंजिन गाडीत परत आलं. जुन्या सेल्फने एकदा घुर्र केलं, जेमतेम अर्धा वळसा घेतला आणि तो थबकला. डॅशबोर्डावरचा लाल दिवा विझत आला. मिस्त्री मात्र खूश. "टाइट आहे साहेब, चांगलं लक्षण आहे," म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

आता कागदोपत्री तिचं नाव प्रीमियर पद्मिनी. पण आमच्याकडे काय, अख्ख्या मुंबईत तिला फियाट सोडून दुसरं काही कोणी म्हटलं नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आणली, आणि पुढच्या दशकात तिला राणीचं नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, गिअरची दांडी स्टिअरिंगच्या बगलेत. काळ्या-पिवळ्या रंगात हिने या शहराची लग्नं, बाळंतपणं आणि चुकलेल्या गाड्या वाहिल्या. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर त्यातली एकही उरली नाही. खासगीतल्या आमच्यासारख्या काही तेवढ्या आहेत, सुट्या भागांच्या दुकानांत वशिला लावत.

तर प्रश्न होता जास्त जोराच्या सेल्फचा. आणि सेल्फ हा विषय काढला की प्रत्येक पुरुषाला आपण जन्मतःच त्यातले जाणकार आहोत असं का वाटतं, हे मला उमगलेलं नाही. शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी सरळ डिझेल गाडीचा सेल्फ बसवायला सांगितलं. जोर हवा ना, मग घ्या जोर. मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं आणि फ्लायव्हीलच्या रिंग गिअरच्या दातांवरून अंगठा फिरवत राहिले. सेल्फच्या पिनियनचा दात या दाताच्या मापाचा हवा, फिरण्याची दिशा तीच हवी, फ्लँजची भोकं जुळायला हवीत, आणि पिनियन पुढे सरकून नेमका हवा तेवढाच आत शिरायला हवा. कमी शिरला तर टोकं खातो, जास्त शिरला तर अडकून बसतो. नुसत्या जोराने दात तुटतात, असं ते मॅनेजरांकडे न बघता म्हणाले.

खरं तर आधी त्यांनी सेल्फला हातच लावला नाही. बॅटरीच्या टर्मिनलवरचा हिरवट-पांढरा क्षार गरम पाण्याने धुतला. मग गाडीखाली शिरून इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची विणीची पट्टी सोडवली. तिच्या टोकाशी इतका गंज होता की करंट त्यातून जात होता ते केवळ जुन्या ओळखीवर. सेल्फ टाइट इंजिन फिरवताना दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. म्हणजे चाळीसेक हेडलाइट एकदम लावल्यासारखंच. एवढा लोंढा त्या काळवंडलेल्या पट्टीतून जायचा. पॉलिश पेपरने घासून ती तांब्यासारखी लालबुंद केली, तेव्हा अर्ध्याचा एक वळसा झाला. पण इंजिन पेटेना. सगळी वीज सेल्फच पिऊन टाकायचा आणि कॉइलच्या वाट्याला ठिणगीपुरतीही धड उरायची नाही.

या यंत्राचं मला नेहमी नवल वाटतं. त्याची मोटर अशी गुंडाळलेली असते की ती थांबलेली असतानाच सर्वांत जास्त जोर लावते. वेग आला की जोर ओसरतो. दिवसभरात काम तीन सेकंदांचं, उरलेला वेळ गरम इंजिनाच्या कुशीत गप्प बसायचं. अमेरिकेत डेटनला चार्ल्स केटरिंग हे गृहस्थ आधी दुकानांतल्या गल्लापेट्यांना विजेची मोटर बसवायचे. पेटीचा खण उघडण्यापुरती, क्षणभरासाठी, छोट्या मोटरीला तिच्या ऐपतीबाहेर राबवता येतं हे त्यांना तिथे कळलं, आणि १९१२ च्या कॅडिलॅकवर हँडल मारण्याची पाळी टळली. गल्ल्याच्या खणातून मोटारयुगाची एवढी मोठी सोय बाहेर पडावी, हे आमच्या बँक मॅनेजरांनाही आवडलं.

शेवटी दोन पर्याय उरले. जुन्याचं आर्मेचर रिवाइंड करून, नवे कार्बन आणि बुश टाकून त्यालाच उभं करायचं. किंवा गिअर रिडक्शनचा नवा घ्यायचा. नव्याच्या पोटात लहान मोटर असते, ती भराभर फिरते आणि आतल्या दातऱ्यांमुळे तिच्या जवळजवळ चार फेऱ्यांत पिनियनची एक होते. वजन निम्मं, करंट कमी, जोर दांडगा. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं आणि तरी मी विचार करत राहिलो. कारण नव्याचा आवाज बारीक, घाईचा, झिंगऽ असा. सुरू होऊन संपतोसुद्धा. जुन्याचा भरदार. एकेक सिलिंडर चढ चढताना आणि उतरताना त्यात वेगळा ऐकू यायचा. पावसाळ्यातल्या सकाळी तो दादरच्या दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात पोहोचायचा आणि आई पोळी लाटता लाटता थांबायची. दोन-तीन घुरघुरींत पकडला तर लाटणं पुढे चालू. लांबला तर ती गॅस बारीक करून आम्हाला हाक मारायची, "चपला घाला रे, बाबा धक्क्याला बोलावतील." बाबांनी मात्र कधी बोलावलं नाही. ते नुसते काच खाली करून वर बघायचे.

नवाच घेतला. पहिल्याच दाबाला इंजिन असं पेटलं की मिस्त्रींचा चहा सांडला. जुनाही रिवाइंड करून घेतला, आणि तो कुठे ठेवायचा म्हणून विचारलं तर मिस्त्रींनी तो डिकीत टाकला. "असू द्या. नव्याला धाक राहतो."

परवा पंक्चर झालं, तेव्हा स्टेपनी काढायला आधी तो जुना सेल्फ उचलून फुटपाथवर ठेवावा लागला. शेजारून जाणारा एक म्हातारा टॅक्सीवाला थबकला, वाकून त्याच्या पिनियनला बोटाने फिरवून बघितलं आणि विकणार का म्हणून विचारलं. मी नाही म्हणालो. "मग अधूनमधून बॅटरी लावून फिरवत जा," तो म्हणाला, "नाहीतर बुश धरतात." आणि माझ्या हातातला पाना घेऊन त्यानेच नट सैल करायला सुरुवात केली.