सल्लो घराकडे ठेवन येवा

भांडल्याशिवाय दाजींना घास उतरत नाही, असं आमच्या वाडीत म्हणतात. मालवण तालुक्यात भांडणाऱ्यांची वाण नाही, पण बाकीचे निदान कारण शोधतात. दाजी एसटीच्या कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडतात, आणि दशावतारात राक्षस लवकर मेला म्हणून थेट राक्षसाशी. 1982च्या संपात परळची गिरणी सुटली, तेव्हापासून मालक, सरकार आणि पुढारी या तिघांशी त्यांचं एकदम चालू आहे. तिघांनाही त्याची कल्पना नाही.

शेजारच्या घरातल्या दहावीच्या पोराला ब्लड कॅन्सर निघाला. न उतरणारा ताप, पोटऱ्यांवर निळे डाग. बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात निदान झालं आणि मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलात न्यायचं ठरलं. वाडी लोटली. मयताला आल्यासारखी माणसं खळ्यात बसली आणि उठताना प्रत्येकजण म्हणाला, "काय लागला तर सांगा हां." या वाक्याने बोलणाऱ्याचं काम संपतं आणि ऐकणाऱ्याचं वाढतं. रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेल्या आईने आता कामांची यादी करून ती वाटत बसायची! दाजी ते वाक्य बोलले नाहीत. ते आलेच नाहीत. चिऱ्याच्या गडग्यावरून याच घराशी त्यांचा मालवणच्या कोर्टात दावा चालू होता.

रात्री कुडाळ स्टेशनात तुतारी एक्सप्रेस लागली, तर डब्याच्या दारात कापडी पिशवी घेऊन दाजी हजर. पोराच्या बापाला म्हणाले, "तुका परळ म्हायत नाय. माका पाठ आसा. गडग्याचा मागीर बघू."

पाठ होतं ते संपाआधीचं परळ. दाजी रस्ता सांगायचे तो गिरणीच्या भोंग्यापासून. आता भोंगा नाही, गिरणी नाही, तिथे काचेचा टॉवर. पोराचे कागद काढून बापलेक हॉस्पिटलात जाऊन आले तरी दाजी टॉवरच्या वॉचमनला पटवतच होते की तो बसलाय तिथे त्यांचं साचेखातं होतं.

पण त्याच साचेखात्याने पोराला हात दिला. किमोने प्लेटलेट पडतात, आणि दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट पाचेक दिवसांपलीकडे टिकत नाहीत. एका दिवशी पन्नास जण हात पुढे करून उभे राहिले म्हणून पुढच्या महिन्याची सोय होत नाही, दाता वेळेवर ताजाच लागतो. आधी दाजी स्वतः गेले. वय बघून परत पाठवल्यावर त्यांनी काउंटरवर विचारलं, "मी म्हातारो झालंय, रगात म्हातारा झाला काय?" मग ते गावच्या मुंबईकर मंडळाच्या बैठकीत घुसले, पूजेच्या वर्गणीवरून आधी सगळ्यांशी भांडले आणि डोंबिवली ते विरारपर्यंतच्या पोरांचं पाळीपत्रक करूनच उठले. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. प्रत्येक पाळीला एक बदली कामगार राखीव. गैरहजर राहणाऱ्याच्या आईला गावी फोन. एकही खाडा पडला नाही.

मुक्काम होता त्या दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतही त्यांनी पाण्याच्या बादल्यांचे नंबर लावून दिले, कोणी सांगितलेलं नसताना. पहिल्यांदा निरुत्तर झाले ते परतीच्या तिकिटाला. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला पाऊण. सरकारने मागायच्या आधीच दिलं म्हटल्यावर भांडायचं कोणाशी? रत्नागिरी येईपर्यंत दाजी अस्वस्थ होते.

घरी आलेल्या पोराच्या रक्ताचे काउंट खाली. अशा दिवसांत साधा ताप आला तरी धावपळ, आणि वाडीतली माणसं शिंकत, खोकत, मायेने भरून येऊन भेटायला यायची. एकीच्या हातात पपईच्या पानांचा रस, दुसऱ्याच्या तोंडी असाच गेलेला मावसभाऊ. आईबापांना कोणाला नको म्हणता येईना. दाजींना आयुष्यात दुसरं काही म्हणताच आलेलं नाही. साबणाची वडी आणि पाण्याची कळशी घेऊन ते पेळेवर बसले. "चपला भायर, तोंडाक फडक्या, आनी सल्लो घराकडे ठेवन येवा." वाडीतली निम्मी माणसं रुसली. पोराला त्या महिन्यात सर्दीसुद्धा झाली नाही.

पोराचे केस गेले तेव्हा सगळे त्याच्याकडे बघायचं टाळत. दाजींनी निरखून बघितलं. "तेलाचो खर्च वाचलो," म्हणाले, आणि पत्त्यांत लबाडी केली म्हणून त्याच्याशी तासभर भांडले. आजारी पडल्यापासून पोराशी कोणी भांडलंच नव्हतं. तो जिवाच्या आकांताने भांडला आणि रात्री दोन पेजा जेवला. मधल्या काळात त्या घरच्या काजूबिया दाजींनी गोळा केल्या, व्यापाऱ्याच्या तराजूवरून तंटा करून विकल्या आणि पैन् पैचा हिशेब वहीत लिहून आणून दिला. स्वतःच्या चहाचे पैसे वजा करून.

पोराला झाला त्या प्रकारच्या ब्लड कॅन्सरची औषधं दोन-अडीच वर्षं चालतात, आणि मुलांमध्ये बरं होण्याचं प्रमाण आज चांगलं आहे. पहिले जड महिने सरले, काउंट चढले, घरी गोळ्या घ्यायचा टप्पा सुरू झाला, तेव्हा घरात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आवाज मोठा म्हणून मान दाजींचा.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकराचे काउंट असेच वर ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"गोळ्यो वेळेवर गिळूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोराचा आवाज जरा बारीक.

"आनी ह्यांचो गडगो माझ्या जमनीत दीड हात इलो हा, तो मागे सरकव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तालात आई म्हणून गेली, आजी म्हणून गेली, पोरगाही म्हणाला.

"नाय म्हाराजा!" बाप ओरडला.