सहा फरक ओळखा

आमच्या गावाकडच्या नदीवर पूल होतोय. 'होतोय' हे क्रियापद बरीच वर्षं चालू वर्तमानकाळातच अडकलंय, पण परवा मोबाईलवर त्याचा ड्रोन व्हिडिओ आला आणि ऊर भरून आला. कोवळं ऊन, खाली हिरवी नदी, शिस्तीत उभे खांब आणि मागे सनई. (पाव किलोपर्यंतचा ड्रोन उडवायला पायलटचा परवाना लागत नाही, त्यामुळे लग्नं काढणाऱ्या पोरालाच हेही काम मिळालंय.) अर्ध्या मिनिटात ड्रोन पैलतीरी. त्याच दिवशी डायव्हर्जनमधून मला पाऊण तास लागला.

शूटिंग मी योगायोगानं पाहिलंय. एरवी डोक्याला फडकं गुंडाळून सळ्या बांधणारी माणसं त्या दिवशी हेल्मेटात होती. केशरी जॅकेटं इतकी कोरी की पाठीवर घड्यांच्या रेघा. मोटरीत धूळ जाऊ नये म्हणून प्लायचा तुकडा टाकून त्यावरून ड्रोन उडवला. निपचित पडलेली क्रेन घुरघुरली, हूक वर गेला, खाली आला, ऑपरेटर चहाला गेला. मग एक घार ड्रोनच्या मागे लागली. साइटवर मनापासून देखरेख करणारी तेवढी एकटीच.

हा सगळा हौसेचा मामला नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं २०२१ मध्ये महामार्गाच्या कामांचं दरमहा ड्रोन चित्रीकरण सक्तीचं केलं. या महिन्याचा आणि गेल्या महिन्याचा व्हिडिओ 'डेटा लेक' पोर्टलवर टाकायचा, म्हणजे प्रगती दिसते. उद्या प्रकरण लवादात गेलं तर पुरावाही हाताशी. कल्पना झकास. पण २०११ पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गाचे दोन महिने असे शेजारी मांडले, तर रविवार पुरवणीतलं कोडंच समोर येईल. फरक पहिला : खड्ड्यात पाणी आहे. फरक दुसरा : पाणी वाळलंय. उरलेले चार सापडेपर्यंत कंत्राटदार बदलतो.

आणि वरून सगळं दिसतं, हे तरी कुणी सांगितलं? अंधेरीचा गोखले पूल आठवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची एक बाजू खुली झाली आणि गावभर बोभाटा झाला, की शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळत नाही! बरोबर डोक्यावरून कॅमेरा लावला असता तर दोघे एका रेषेत, दृष्ट लागावी असा जोडा. बिनसलंय कुठे, ते बघायला खाली, बाजूला, रिक्षावाल्याच्या जागी उभं राहावं लागतं. शेवटी जॅक लावून बर्फीवाला एका बाजूनं १३९७ आणि दुसऱ्या बाजूनं ६५० मिलिमीटर उचलायचं ठरलं. मिलिमीटरपर्यंतचा हा काटेकोरपणा आधी कुठल्या खात्यात डेप्युटेशनवर होता, कोण जाणे.

आमच्या पुलाचं शूटिंग मात्र मध्येच आटोपलं. बॅटरी उतरू लागली, की ड्रोन आपला आपण उडाल्या जागी परत येतो. तसा तो आला, प्लायवर अलगद बसला. पोरानं तो पेटीत ठेवला, बाईकला किक मारली आणि आमच्याच मागे डायव्हर्जनच्या रांगेत येऊन उभा राहिला.