साहेब जेवले का?

न्यायव्यवस्थेवरचं कुठलंही चर्चासत्र हल्ली न्यायाधीशांच्या पोटाची चौकशी केल्याशिवाय संपत नाही. इस्रायलमधल्या पॅरोल-सुनावण्यांचा 2011 सालचा तो आलेख पडद्यावर येतोच. हजारावर निर्णय. सत्राच्या सुरुवातीला अर्ज मंजूर होण्याचं प्रमाण 65 टक्के, मग घसरत घसरत जवळपास शून्य, आणि साहेब खाऊन आले की पुन्हा 65. सभागृह खूश. कैदी सुधारला की नाही हा प्रश्नच मिटला. यापुढे अर्जाला चांगल्या वर्तणुकीचा दाखला न जोडता दोन बटाटेवडे जोडावेत, चटणीसह. अपील असेल तर वर चहा.

आलेख संपतो तिथे सत्राचीही जेवणाची सुट्टी होते, त्यामुळे त्याच वर्षी आलेला आक्षेप ऐकायला कोणी थांबत नाही. आक्षेप रुक्ष आहे: सुट्टीच्या तोंडावर नंबर कोणाचा लागायचा? तर सहसा ज्यांना वकील नव्हता त्यांचा. वकील असलेल्यांचे 35 टक्के अर्ज मंजूर होत, नसलेल्यांचे 15. मूळ संशोधकांनी उत्तर दिलं, की वकिलाचा हिशेब धरला तरी घसरण उरतेच. उरू दे. पण मंजुरीला सरासरी सात मिनिटं लागत आणि नकाराला पाच. सुट्टीआधी लांबणारं प्रकरण हाती घ्यायचं नाही एवढं ठरवलं, तरी भरल्या पोटीसुद्धा त्या आलेखाचा बराचसा उतार तयार होतो, हेही पुढे गणिताने दाखवून झालं. तरीही सगळ्यांना भूकच हवी! कारण भुकेचा बंदोबस्त कॅन्टीनवाला करतो, वकिलाचा करायचा तर सरकारी तिजोरी उघडावी लागते. भुकेत कोणाचा दोष नसतो; गरीब माणूस रांगेत शेवटी उभा राहतो, त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नसतं, आणि त्याला पाच मिनिटांत वाटेला लावलं जातं, याला मात्र कोणीतरी जबाबदार असतं. आपल्या राज्यघटनेत मोफत कायदेशीर मदतीचं कलम 1976 पासून आहे, आणि 2022 अखेर देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, गुन्हा शाबित न झालेले. त्यांचं पोट कोण मोजतो?

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी तो आलेख दिसला, की वकील होता की नव्हता हा रकाना आधी मागा. समोसे नंतर.