सात किलो दोनशे साठ ग्रॅमचा गुप्तहेर

हल्ली चाळिशीकडे झुकलेल्या ज्याला बघावं त्याला नोकरी सोडून डिटेक्टिव्ह व्हायचंय. रात्र जागून एखादी वेब सीरिज संपवली की सकाळी तो शेजाऱ्याच्या चपलांकडे वेगळ्याच नजरेनं बघू लागतो. त्याला हसू नये. हसावं ते त्याच्यासाठी ठेवलेल्या दाराला. आपल्याकडे पोलिसांत थेट डिटेक्टिव्ह म्हणून कुणाला घेत नाहीत. आधी शिपाई व्हायचं, बंदोबस्तात उभं राहायचं, मग साहेबांची मर्जी बसली तर पोलीस ठाण्याच्या डीबीत, म्हणजे गुन्हे शोध पथकात, जायचं. आणि शिपाई व्हायचं तर गोळा फेकायचा. पुरुषांना ७.२६ किलोचा, बायकांना ४ किलोचा. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी १५ गुण या गोळ्याचे. खुल्या गटात वयाची २८ उलटली की गोळ्याला हात लावायचीही सोय नाही. फौजदारकीची वाट धरली तर आणखी तीनेक वर्षं मिळतात, पण मैदानात गोळा तिथेही आहेच.

हे ७.२६ प्रकरण जरा निरखून बघण्यासारखं आहे. वरचे दोनशे साठ ग्रॅमसुद्धा कुणाला माफ नाहीत. नंतर त्याच उमेदवारानं लिहिलेला पंचनामा वाचा. चोरी अंदाजे रात्री बारा ते चारच्या सुमारास, विहिरीपासून अंदाजे पन्नास फुटांवर, अंदाजे पंचवीस ते चाळीस वयाच्या अज्ञात इसमानं केलेली. गुन्हे तपासाच्या अख्ख्या कारभारात ग्रॅमपर्यंत मोजलेली एकच वस्तू आहे आणि ती मैदानात पडलेली आहे. लेखी परीक्षा १०० गुणांची : गणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण. तुटलेलं कुलूप समोर ठेवून ‘हे बाहेरून तोडलंय की आतून?’ असं कुणी विचारत नाही. फेकलेल्या वजनावरच पारख करायची, तर बुलडाणा जिल्ह्यात सगळ्यात लायक उमेदवार फार पूर्वी लोणारला येऊन गेला. त्याच्या गोळ्यानं सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला, त्यात खारं पाणी साचलं, जगभरचे शास्त्रज्ञ येऊन मापं घेऊन गेले. फेकणारा मात्र अजून मिळालेला नाही. तपास चालू असावा. गोळा बाहेरून आला हे कळायलाही विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, तोवर आळ ज्वालामुखीवर होता. भलत्यालाच आरोपी करण्याची चाल आपल्याकडे किती जुनी आहे बघा.

यावर कुणी म्हणेल, चोर पळतो, त्याच्यामागे पळायला दमसास नको का? हवाच. म्हणून १६०० मीटर पळवा, शंभर मीटर पळवा, तक्रार नाही. पण गोळा कशाला? चोराच्या पाठीत घालायला? आणि पळणारा चोर राहिलाय कुठे? आजचा चोर तीन राज्यांपलीकडे खुर्चीत बसून मेहकरच्या निवृत्त गुरुजींना फोन करतो, बँकेतला साहेब असल्याचं सांगतो आणि ओटीपी घेऊन जातो. तो ७.२६ किलोच्या टप्प्यात येत नाही. कायद्यालाही हे उमगलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायसहायक तज्ज्ञ यावा, अशीही तरतूद आहे. कायदा कॅमेरा मागतोय आणि आपण दंड मोजतोय.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तिशी-चाळिशीतल्या हौशी माणसाला कायदा कुठे येतो? येत नाही, पण शिकवता येतो. नजर शिकवता येत नाही, ती वर्षानुवर्षं धंदा करून येते. चिखली-खामगाव एसटीतला कंडक्टर बघा. आई सांगते, पोराला अजून बारा पूर्ण नाहीत. कंडक्टर आईशी वाद घालत नाही. तो पोरालाच विचारतो, ‘कितवीत रे?’ पोरगं छाती काढून ‘आठवीत’ म्हणतं आणि पूर्ण तिकीट फाटतं. ना मारहाण, ना रिमांड, कबुली थेट मुद्देमालाच्या तोंडून. याच जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडून भोवती धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा रात्रीत कुठे सरकला ते वाचतात. त्यावरून सांगितलेला पाऊस पडतो की नाही हा वाद बाजूला ठेवा. एका रात्रीत काय हललं ते टिपायची सवय तर जिल्ह्यात आहे! यातल्या एकालाही चाळिशीत तपासाच्या खोलीत पाऊल टाकता येत नाही. खासगी डिटेक्टिव्ह व्हा म्हणावं, तर त्यांच्यासाठी २००७ साली विधेयक आलं, कायदा झालाच नाही. आणि तिथलं मुख्य काम लग्नाआधी मुलाची चौकशी. ती आपल्याकडे नवरीची आत्या फुकट करते, तीही तीन पिढ्यांची.

गंमत इथे संपते. जी पोरं वयात बसतात त्यांचं तरी काय होतं? ती पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर ट्रक चुकवत पळतात, अकादमीची फी भरतात, खुल्या गटाचे ४५० रुपये अर्जाला मोजतात, भरती पुढे ढकलली की त्यांचं वय पुढे जातं. त्यातून जो वर येतो तो गणपतीत, निवडणुकीत आणि मंत्र्याच्या दौऱ्यात दोरी धरून उभा असतो. तो तपास कधी करणार? इकडे शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटारीची केबल रातोरात कापून नेली जाते. ऐन हरभऱ्याला पाणी द्यायच्या वेळी तो ठाण्यात जातो. पाच हजार रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालाची चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, फिर्याद नोंदवलीच पाहिजे. त्याला सांगतात, ‘साधा अर्ज देऊन जा, बघतो.’ केबल तोवर बांधावर जळून तिचं तांबं निघालेलं असतं. ते तांबं कोणत्या भंगारवाल्याकडे, कोणत्या वारी, काय भावानं जातं हे गावातल्या चौथीतल्या पोराला विचारा. ते पोर भंगारवाल्याच्या घरापर्यंत नेऊन दाखवेल. त्याची उंची १६५ सेंटिमीटर नाही, एवढीच अडचण.