राजा आधी ठरवा, सन नंतर

राष्ट्र उभारायला माणसं लागतात, पैसा लागतो, जमीन लागते, असं आपण शाळेत शिकलो. खोटं आहे. आधी सन लागतो. सन ठरला की बाकीचं बसल्या जागी ठरतं. राजा कोण, फितूर कोण, कोणाची जमीन सरकारजमा आणि कोणाचा पुतळा चौकात.

हे ज्ञान मला तेलंगणात, आदिलाबादकडच्या उटनूरच्या पोरांनी दिलं. पाच-सहा जणांचं टोळकं आहे. कोणी घरी गोंडी बोलतं, कोणी मराठी, कोणी तेलुगू, एक दखनी उर्दूवाला, एक लंबाडा तांड्यावरचा. भांडतात मात्र सगळे मराठीत. आयटीडीएच्या, म्हणजे आदिवासी विकास यंत्रणेच्या, संकुलासमोर चहा पीत या मंडळींनी मिळून राष्ट्र उभारायचा खेळ काढला. प्रत्येकाने एक राज्य घ्यायचं, त्याच्या वतीने खलिते लिहायचे, तह करायचे, सोयीने मोडायचे, आणि वाद पेटला की सूत्रधाराने निकाल द्यायचा. सूत्रधार म्हणून डीएससीची, म्हणजे शिक्षक भरतीची, तयारी करणारी एक मुलगी नेमली, कारण वाट बघण्याचा सराव तिच्याइतका कोणाला नव्हता. नियम लिहून झाले, नकाशा छापून आला. मग तिने विचारलं, "सन कोणता?" तेव्हापासून खेळ बंद आहे आणि भांडण सुरू आहे.

पोरांना हसू नये. या खेळातले जगभरचे दर्दी इथेच अडतात. ॲलन कॅलहॅमर नावाच्या अमेरिकन माणसाने १९५९मध्ये ‘डिप्लोमसी’ हा पटावरचा खेळ काढला. त्यात फासे नाहीतच. सगळा मामला कुजबुजीचा आणि दिलेला शब्द मोडण्याचा. त्याने सन धरला १९०१, कारण तेव्हा युरोपातल्या सात सत्ता एकमेकींवर डोळे वटारून बसल्या होत्या आणि पाठ अजून कोणाचीच टेकली नव्हती. (हा कॅलहॅमर पुढे पोस्टमन झाला. खलित्यांचा खेळ काढणाऱ्याने वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे खलिते पोचवले. त्याच्या पटावर इतकी इमानदार नोकरी कोणी केली नसेल.) संगणकावरच्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस’चा चौथा भाग ११ नोव्हेंबर १४४४ला सुरू होतो. आदल्याच दिवशी वार्नाच्या लढाईत तुर्कांनी युरोपची फौज कापून काढलेली असते आणि कॉन्स्टँटिनोपल पडायला साडेआठ वर्षं बाकी असतात. ‘हार्ट्स ऑफ आयर्न’चा चौथा भाग १ जानेवारी १९३६ला उघडतो. महायुद्ध दिसू लागलंय, लागलेलं नाही. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकाने तर २००२मध्ये स्वतःच्या कादंबरीची जाहिरात म्हणून ‘नेशनस्टेट्स’ काढलं. कादंबरी किती खपली ते सोडा, राष्ट्रं लाखांनी निघाली. तिथेही लोक मिळून इतिहास लिहायला बसतात आणि पहिला आठवडा सनावर घालवतात.

तेव्हा चांगला सन कसा असावा याचं एक शास्त्र आहे. दारूगोळा भरलेला हवा आणि काडी अजून कोणाच्या तरी खिशात हवी.

उटनूरला या शास्त्राची डाळ शिजली नाही. इथे कसोटी एकच निघाली. त्या साली गादीवर आपला कोण होता? गोंड पोरगा म्हणाला, "१७५०. चांद्याला नीलकंठ शाह आहे. पुढच्या वर्षी नागपूरकर रघूजी भोसला चांदा घेतो, त्याच्या आधी सुरू करू." मराठी पोरगा म्हणाला, "एकच वर्ष पुढं सरक की बे." तेलुगू पोराला १३२२ हवं होतं, कारण १३२३ला वरंगळ पडलं आणि काकतीय संपले. दखनीवाल्याला १७२४, आसफजाहची पहिली सकाळ. प्रत्येकाला एकतर हरण्याच्या आदल्या दिवशी यायचं होतं, नाहीतर जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या दिवशी हजर राहायला कोणी तयार नव्हतं. एकाने भांडण मिटवावं म्हणून थेट नवाश्मयुग सुचवलं. म्हणे उटनूरला राखेचा मोठा ढिगारा आहे, रेमंड ऑल्चिन नावाच्या साहेबाने तो खणला, इंटरनेटवर आहे. ढिगारा खरा, साहेब खरा, उटनूर दुसरं. ते जुन्या महबूबनगर जिल्ह्यातलं. आपल्या उटनूरला गोंड राजांचा किल्ला आहे, पण त्याची राख शोधायला अजून कोणी साहेब आलेला नाही.

या सगळ्या सालांत नांगर कोणीतरी धरलेला होताच. त्याचं नाव कोणी सुचवलं नाही.

मग १९२० आलं. ते राजामौलीमुळे आलं. १९२०मध्ये घडणाऱ्या त्याच्या ‘आरआरआर’ सिनेमात अल्लुरी सीतारामराजू गोंड पुढारी कोमराम भीमच्या खांद्यावर बसून लढतो. प्रत्यक्षात त्यांची भेट झाल्याचा पुरावा नाही, आणि दिग्दर्शकाने ही कल्पना असल्याचं आधीच सांगून टाकलं. हा मला मोठाच प्रामाणिकपणा वाटतो. पाठ्यपुस्तकवाले एवढं सांगत नाहीत.

सूत्रधार मुलीने मात्र १९४० सुचवलं, आणि इथे मी कान टवकारले. कारण जरा लांबून सांगतो. ‘डिप्लोमसी’तल्या सात सत्तांमध्ये ऑस्ट्रिया-हंगेरी हा गडी बहुतेक डावांत लवकर गारद होतो, असं खेळणारे सांगतात. खरा ऑस्ट्रिया-हंगेरीही १९१८ला गारद झाला. त्या बुडालेल्या साम्राज्याच्या राजधानीत, व्हिएन्नात, १९०९ला जन्मलेला ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा हिंदुस्थानात होता. ऑस्ट्रिया हिटलरने गिळलेला, म्हणून खिशात जर्मन पासपोर्ट, म्हणून ब्रिटिशांच्या लेखी शत्रू. शिक्षा काय? निजामाच्या राज्याबाहेर जायचं नाही. पटावरून उडालेली सोंगटी अशी घरंगळत आदिलाबादच्या डोंगरात येऊन पडली.

त्याच १९४०मध्ये जोडेघाटला कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्यानंतर सरकारला प्रश्न पडला की हे लोक चिडले कशामुळे. आधी गोळी, मग चौकशी, हा क्रम तेव्हापासून पाठ आहे. उत्तर जोडेघाटच्या कोणत्याही माणसाने फुकटात दिलं असतं. जंगल राखीव झालं. पिढ्यान् पिढ्या पेरलेली शेतं एका रात्रीत अतिक्रमण ठरली. जंगलखात्याच्या चौकीदाराचा हात ओला केल्याशिवाय गुरं चरेनात. मैदानातून आलेल्यांनी पट्टे आपल्या नावावर करून घेतले. पण सरकारला हे व्हिएन्नाच्या डॉक्टरांकडून ऐकायचं होतं. त्यांनी मार्लवाई गावात मुक्काम ठोकला, सांगितलं, आणि नवल म्हणजे सरकारने ऐकलं. १९४३ला मार्लवाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघालं, गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापले गेले, हजारो गोंड-कोलामांना पट्टे मिळाले. हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेटी यांच्या समाध्या आजही मार्लवाईत आहेत. एका संपलेल्या देशाचा माणूस दुसऱ्या संपणाऱ्या देशात असा कामाला आला. ‘डिप्लोमसी’च्या पटावर हिंदुस्थान मुळात छापलेलाच नाही, ही कॅलहॅमरची चूक म्हणावी की शहाणपण?

तर १९४० जवळजवळ ठरलं होतं. मोडलं ते दखनीवाल्याने. निजामाच्या आदिवासी क्षेत्रांच्या कायद्यावर साल आहे १३५६. पोरगं ओरडलं, "१३५६? म्हणजे हसन गंगू! बहमनी! मी खेळतो!" त्याला फसली सन समजावून सांगता सांगता चहा गार झाला. त्या हिशोबाने ते १९४६. निजामाच्या दफ्तराला फसली चालायचं, ब्रिटिशाला इसवी, गावाला पोळा आणि दंडारी. एकाच डोंगरावर तीन वर्षं एकदम चालू असत, आणि दंड मात्र तिन्हींत भरावा लागे.

मराठी पोरगा मग १९५६वर आला. १ नोव्हेंबरला आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, उटनूर आंध्रात राहिलं. त्याचा मामा राजुऱ्याचा, म्हणून त्याला हा सन नको म्हणजे नकोच होता, तो पुसायचा होता. पण मिळून राष्ट्र उभारणं म्हणजे काय हे बघायचं असेल तर या सनाच्या शेपटाला धरून तेलंगणातलं केरामेरी आणि महाराष्ट्रातली जिवती यांच्या मधल्या चौदा गावांत जावं. परंडोळी, मुकदमगुडा, अंतापूर, महाराजगुडा. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणा म्हणतो आमची. शाळा दोन, मराठी आणि तेलुगू. रेशनकार्डं दोन. सरपंच दोन. दोन्हीकडे मतं पडल्याची बातमी निवडणूक आली की छापून येते. २०२४च्या लोकसभेला चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला होतं, आदिलाबादचं १३ मेला. शाई पुसायला आयोगाने याहून जास्त सवड काय द्यायची? एवढं करून जमिनीचा पट्टा कोणत्या सरकारने द्यायचा हे विचारलं की दोन्ही सरकारं एकदम विनयशील होतात, पहिले आप. दोन राज्यं एकत्र खेळतात आणि प्रजा निकाल लावते, असा दुसरा डाव मला माहीत नाही.

आणि सन निवडायचा नाद फक्त उटनूरच्या पोरांना आहे असं समजून पुण्या-मुंबईच्या वाचकांनी गालात हसू नये. महाराष्ट्र सरकारने २ सप्टेंबर २०२५ला शासन निर्णय काढून हैदराबाद गॅझेट उघडलं. मराठवाड्यातल्या मराठ्यांना कुणबी दाखले कसे द्यायचे ते निजामाच्या कागदावरून ठरणार. ज्या राज्यातून सुटलो म्हणून आपण १७ सप्टेंबरला झेंडा लावतो, त्याचीच वही पंधरा दिवस आधी पुरावा म्हणून काढली. लगेच बंजारा समाजाने त्याच गॅझेटचा हवाला देऊन अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला, आणि आदिवासी संघटना विरोधात रस्त्यावर आल्या. आदिलाबादला हा डाव जुना आहे. तेलंगणातले लंबाडे, म्हणजे तिथले बंजारा, १९७६च्या कायद्याने अनुसूचित जमातीत आले. पैनगंगेच्या पलीकडचे त्यांचेच सोयरे विमुक्त जातीत राहिले. नदी ओलांडली की जमात बदलते, बोली तीच. गोंड म्हणतात आमच्या ताटात वाटेकरी आला. लंबाडे म्हणतात कायद्याने वाढलेलं खातो. डिसेंबर २०१७ला यावरून उटनूरमध्ये जमावबंदी लावावी लागली होती. टोळक्यातल्या गोंड पोराला १९७५ हवं, लंबाडा पोराला १९७७. दोघं एकाच गाडीवरून कॉलेजला जातात आणि या दोन सालांत मात्र एकमेकांना भेटत नाहीत.

(१७ सप्टेंबरचंही तसंच. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. केंद्राचा हैदराबाद मुक्ती दिन. तेलंगणात आधीच्या सरकारचा राष्ट्रीय एकात्मता दिन आणि आताच्या सरकारचा प्रजापालन दिन. सुट्टी कोणत्या नावाने टाकायची ते आपापल्या साहेबाला विचारावं.)

सूत्रधार मुलीने शेवटी २० एप्रिल १९८१ ही तारीख टाकली. इंद्रवेल्ली. गिरिजन रयतु कुली संघाचा मेळावा, मागणी जमिनीची, आणि पोलिसांचा गोळीबार. सरकारी आकडा १३, गावचा आकडा त्याच्या कितीतरी पुढे. नंतर वर्षानुवर्षे त्या तारखेला हुतात्म्यांच्या स्तूपाकडे जायलाही बंदी असायची. शास्त्राप्रमाणे सन उत्तम. दारूगोळा, काडी, सगळं जागेवर. पण घ्यायला राज्यच नाही. राजा नाही, किल्ला नाही, झेंडा नाही. आहेत ते तहसीलदार, सावकार, ठाणेदार आणि कर्जात बुडालेला कास्तकार. एकानेही हात वर केला नाही. दखनीवाला हळूच म्हणाला, "यात जिंकायचं कसं?"

तेव्हा ती वैतागली आणि तिने नियम बदलला. सन कोणीही सांगा, भूमिका मात्र चिठ्ठी काढून. १३२२ सांगणाऱ्याला प्रतापरुद्र मिळेलच असं नाही. काकतीयांचा भोईही मिळेल.

मी आजवर इतक्या झटपट इतिहास बदललेला पाहिला नाही. काकतीय गेले. आसफजाह गेला. नीलकंठ शाहने स्वतःहून गादी सोडली. भोसल्यांनी चांद्याचा वेढा उठवला. पाच मिनिटांत सगळी फौज स्वातंत्र्याच्या अलीकडे येऊन उभी राहिली, आणि आणखी पाच मिनिटांत २०१६वर एकमत झालं. आदिलाबादचे चार जिल्हे झाले ते वर्ष. तेव्हा रेशन होतं, हातात मोबाईल होते, आणि चिठ्ठी कितीही वाईट निघाली तरी वेठबिगार निघणार नाही, एवढा भरवसा होता.

चिठ्ठ्या निघाल्या. काकतीयवाला फॉरेस्ट बीट ऑफिसर झाला. गोंडराजाला नव्या कलेक्टर कचेरीतल्या शिपायाची जागा मिळाली, तीही कंत्राटी. भोसल्यांच्या वाट्याला चौदा गावांपैकी एका गावचा रहिवासी आला आणि त्याने पहिला खलिता दोन्ही मुख्यमंत्र्यांना एकाच मजकुराचा पाठवला. लंबाडा पोरगा मंडल कचेरीत क्लार्क. आसफजाहला कोलाम कास्तकार लागला, तीन एकर पोडू, म्हणजे जंगलातली शेती, पट्टा नाही. त्याने पहिलीच चाल केली, पट्ट्यासाठी अर्ज. क्लार्कने शिक्का मारला, बीट ऑफिसरने हरकत घेतली, शिपायाने फाईल वर नेली. सूत्रधाराने निकाल दिला: फाईल हैदराबादला गेली आहे, आली की पुढची चाल.